स्टुलावर ठेवलेला चुना

दुपारी ४.०० (बारा तास आधी)

गॅलरीतून पाणी आत येतंय म्हणून आईनं हाक मारली. पंचवटीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात हे दर पावसाळ्यात होतं. पोती टाकली, चपला उचलल्या आणि समुद्री टँकच्या शेजारी जमिनीवर असलेला पंधरा लिटरचा कॅन स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्यावर चढवला. कॅनमध्ये चुन्याची निवळी. नळी तीच, आतला छोटा पंपही तोच. कॅन फक्त दीड फूट वर गेला. त्या दिवसातलं हे माझं सगळ्यात मोठं काम होतं, आणि ते मला काम वाटलंही नाही.

संध्याकाळी ६.३० (साडेनऊ तास आधी)

टेस्ट किटनं अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ६.८ डीकेएच दाखवली. मला आठ हवी असते. कॅल्शियम मात्र लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे खऱ्या समुद्राच्या जवळ.

आषाढात हे होतंच. माझी पद्धत अशी की टँकमधलं जेवढं पाणी उडून जाईल तेवढी निवळी फ्लोट स्विचच्या इशाऱ्यानं आत येते. म्हणजे डोस मी ठरवत नाही, हवा ठरवते. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात दोनशे लिटरच्या टँकमधून रोज तीन लिटर पाणी उडतं. पावसाळ्यात लिटरभर उडायची मारामार. बरं, निवळी घट्टही करता येत नाही. लिटरभर पाण्यात चुना विरघळतो दीड ग्रॅमच्या आसपास, बाकीचा तळाशी बसून राहतो. पाणी कोमट केलं तर आणखी कमी विरघळतो. साखरेच्या अगदी उलटा स्वभाव.

दुसरा मार्ग दोन बाटल्यांचा. एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खायचा सोडा. दोन डोसिंग पंप दोन्ही वेगवेगळ्या वेळी थेंब थेंब सोडतात, कारण समोरासमोर आले तर तिथल्या तिथे खडू तयार होतो. तिसरा मार्ग कॅल्शियम रिअॅक्टर: कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावून प्रवाळाचा चुरा विरघळवायचा. तो मोठ्या टँकवाल्यांचा थाट.

माझ्याकडे तर दगडी सांगाडा बांधणारे प्रवाळ नाहीतच. २००१ सालापासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. माझ्याकडे झोअँथिड, मशरूम, लेदर असे मऊ प्रकार, काही शंख, कोळंबीची एक जोडी, क्लाउनफिशची एक जोडी आणि खडकांवर चढलेलं गुलाबी शेवाळ. चुना खातं ते मुख्यतः हे शेवाळ. त्या गुलाबी रंगाच्या हौसेपायी हा सगळा खटाटोप.

जर्मनीत पीटर विल्केन्स यांनी निवळीची पद्धत शौकिनांमध्ये रुजवली. स्वस्त, शिवाय कॅल्शियम आणि अल्कलिनिटी जिवांना लागते त्याच प्रमाणात एकत्र मिळते. यावर मी तीन आठवडे वाचत होतो. कॅन किती उंचीवर असावा, यावर तीन मिनिटंही नाही.

ठरवलं: पुढच्या महिन्यात दोन बाटल्या. तोवर निवळीच.

रात्री ९.१५ (पावणेसात तास आधी)

नवी निवळी केली. कॅन गळ्यापर्यंत भरला, तीस ग्रॅम चुना टाकला, ढवळून ठेवला. एरवी मी अर्धाच भरतो. पण गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, शेजारचे काका गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन आले होते आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचं सांगत होते. छातीला लागलं की गावातली दुकानं आवरायला घेतात, हे आमचं परंपरेनं चालत आलेलं मोजमाप. उद्या पाणी येईल न येईल, म्हणून भरून ठेवलं.

रात्री १२.४० (तीन तास वीस मिनिटं आधी)

वीज गेली. मुख्य पंप थांबला, नेहमीप्रमाणे वरच्या टँकमधलं काही पाणी खालच्या टाकीत, सम्पमध्ये, उतरलं. तेवढी जागा मी सम्पमध्ये राखून ठेवलेली असते. बॅटरीवरचा हवेचा पंप लावला आणि झोपलो.

रात्री १.५५ (दोन तास पाच मिनिटं आधी)

वीज आली. मुख्य पंपानं पाणी वर खेचलं, सम्पची पातळी क्षणभर खाली गेली, फ्लोट स्विच लोंबला आणि कॅनमधला पंप सुरू झाला. काही सेकंदांत पातळी सावरली, पंप बंद पडला.

नळीतली निवळी मात्र वाहत राहिली. आता कॅनमधलं पाणी नळीच्या तोंडापेक्षा वर होतं. ड्रममधून तेल काढताना नळी तोंडानं ओढून सोडून देतात ना, तेच. इथे ओढायचं काम पंपानं केलं. कॅन जमिनीवर असताना पंप थांबला की नळीतलं पाणी मागे उतरायचं. नळीला वर एक बारीक भोक पाडलं असतं तरी हवा शिरून धार तुटली असती.

पहाटे २.१० (एक तास पन्नास मिनिटं आधी)

अडीच लिटर गेली असेल. शंभर लिटरला सव्वा लिटर निवळी एकदम पडली, तर पीएच साधारण ०.६ नं चढतो. ८.१ वरून पावणेनऊच्या आसपास. मारुतीची कमर म्हणा. आम्ही झोपेत.

पहाटे ३.०० (एक तास आधी)

बारा लिटर. तळाचे तीन राहिले, कारण पंप गाळाच्या वर टांगलेला होता. पाणी सांडलं नाही, कारण सम्पमधली राखीव जागा निवळीनं भरली. मीच राखलेली जागा.

शाळेत नळीनं फुंकर घालून निवळी दुधाळ करायचो, आठवतं? श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि चुना मिळून खडूचे कण. टँकमध्ये तोच प्रयोग दोनशे लिटरवर चालू होता.

पहाटे ३.४० (वीस मिनिटं आधी)

वीज पुन्हा गेली. वरचं पाणी खाली उतरलं, पण आता सम्पमध्ये जागा नव्हती. पाणी फरशीवर.

पहाटे ४.००

मी पाणी प्यायला उठलो. पाय ओले झाले, वाटलं, गॅलरी. पुसायला वाकलो तर बोटं चिकट. पावसाचं पाणी चिकटत नाही. मोबाइलचा उजेड टाकला. टँकमध्ये ताक भरल्यासारखं दिसत होतं. मीटरवर ९.६.

नळी उपसली. बहिणीनं चायनीजसाठी आणलेलं व्हिनेगर चमचा चमचा सोडत बसलो, मीटरकडे बघत. घाई केली असती तर दुसरा धक्का बसला असता. हवेचा आणखी एक पंप लावला, कारण व्हिनेगर खाऊन वाढणारे जिवाणू प्राणवायूही खातात.

उजाडेपर्यंत दोन्ही कोळंब्या पांढऱ्या पडून आडव्या. शंख उलटे. झोअँथिड मुठी वळल्यासारखे मिटले, ते पुढच्या आठवड्यात विरघळत गेले. क्लाउनफिशमधली मोठी मादी वाचली. गुलाबी शेवाळावर खडूचा थर.

सातला आई आली. काही बोलली नाही. पोहे करायला उंचावरचा डबा काढायचा होता, तिनं कॅन उतरवून स्टूल नेलं. गॅलरीतलं पाणी ओसरलं होतं. फरशीवर त्याची मळकट रेघ राहिली होती. कॅनच्या जुन्या जागेच्या वीतभर अलीकडेच ती थांबली होती.