गाठोड्यातली अडकई

१८९० ते १८९३ या वर्षांत ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा ग्रंथ निघाला. हिंदुस्थानात कुठे कुठली झाडं औषधाला वापरतात याची ती जाडजूड नोंदवही. तिचा मुख्य कर्ता विल्यम डायमॉक मुंबईत सरकारी औषधभांडाराचा प्रमुख होता, त्यामुळे बाजारात काय विकलं जातं आणि मजूर काय वापरतात याकडे त्याचं लक्ष असे. सर्पगंधेविषयी लिहिताना तो जाता जाता सांगतो, की दक्षिण कोकणातून मुंबईला येणारे बहुतेक मजूर या मुळीचा लहानसा साठा जवळ बाळगतात. दक्षिण कोकण म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याची खालची बाजू आणि सावंतवाडी संस्थान, म्हणजेच बराचसा आजचा सिंधुदुर्ग. मालवण-वेंगुर्ल्याला बोटीत चढणाऱ्या चाकरमान्याच्या गाठोड्यात कुळथाच्या पिठाशेजारी ही मुळीही असायची, असं धरायला हरकत नाही.

अडकई, हरकी ही तिची मराठी नावं. गुडघाभर वाढणारं झुडूप, एका पेरावर तीन-तीन पानं, पांढरी-गुलाबी फुलं आणि त्यांचे लालचुटूक देठ. जंगलाच्या ओलसर सावलीत ते वाढतं. मुळी भयंकर कडू. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात गार्सिया द ओर्ता सापाच्या विषावर चालणाऱ्या तीन ‘सापलाकडां’चं वर्णन करतो, त्यांतलं एक हेच असावं असं मानतात. साप-मुंगसाची कथा तिथेही आहेच. ती कुठे नसते?

कोकणी मजूर मात्र ही मुळी सापासाठी ठेवत नव्हता. त्याला ती पोटदुखीवर हवी होती. पटकीवर ती सापसणीबरोबर देत. पोटात कळा आल्या तर कुडा आणि मोगली एरंडाच्या मुळांबरोबर दुधातून देत. डायमॉकने हे प्रमाणासकट टिपून ठेवलं आहे. आजच्या माहितीने ते वाचलं की जरा दचकायला होतं. सर्पगंधेतलं मुख्य द्रव्य आतड्यांची हालचाल वाढवतं, जुलाब हा तर त्याचा ठरलेला दुष्परिणाम. सापसणीतलं आम्ल मूत्रपिंडं नासवतं. गुण आलाच असेल तर त्याचं श्रेय बहुधा कुड्याचं. आवेवर कुड्याची साल खरोखरच उपयोगी पडते. तेव्हा ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. मुळी त्यांच्या हातात होती, तिचं खरं काम मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होणं शक्यही नव्हतं, कारण ज्या दुखण्यावर ती चालते ते दुखत नाही.

रक्तदाब मोजावा लागतो. दंडाला पट्टा बांधून तो मोजायची रीत इटलीतल्या शिपिओने रिवा-रोच्चीने १८९६ साली दाखवली, आणि नळीने आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा काढायची रीत रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्हने १९०५ साली. म्हणजे डायमॉकचा ग्रंथ छापला गेला तेव्हा साध्या दवाखान्यात कुणालाही आपलं बीपी किती हे सांगता येत नव्हतं. माणूस अंगणात उभ्या उभ्या कोसळे, तोंड वाकडं होई, एक हात-पाय लुळा पडे. घरचे म्हणत, अंगावरून वारं गेलं. त्याच्या आधीची दहा-पंधरा वर्षं दाब चढलेला होता, हे कुणाच्या गावीही नसे.

पट्टा आला तरी औषध नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दुपारी त्यांचा दाब ३००/१९० च्या वर गेल्याचं त्यांचे डॉक्टर हॉवर्ड ब्रुएन यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. त्याआधी कितीतरी महिने हा आकडा चढत असताना डॉक्टरांच्या हाती होतं काय? विश्रांती, मीठ कमी करा, झोपेचं औषध. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाला जे मिळू शकलं नाही, ते तोवर हिंदुस्थानात काही वैद्य-डॉक्टर देऊही लागले होते.

झालं होतं असं. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा वेडावर आणि चढलेल्या रक्तदाबावर चालते असा लेख लिहिला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमां आणि रफत हुसेन या सिद्दीकींनी मुळीतून स्फटिक वेगळे काढले. त्यांतल्या एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटलं. कर्नल रामनाथ चोप्रांनी कलकत्त्यात प्राण्यांवर तिचा परिणाम तपासला. पण हे सगळं देशातल्या देशातच राहिलं.

बाहेर नेलं ते मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी. वकील परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा लेख आला: वाढलेल्या रक्तदाबाचे ५० रुग्ण, त्यांना दिलेली सर्पगंधा आणि आठवडागणिक मोजलेले आकडे. लेख पाच-सहा पानांचाच. पण त्यात झाडाची थोरवी गाण्यापेक्षा दाब किती होता आणि किती उतरला, हे लिहिलेलं होतं. मला या कुळकथेतला खरा सांधा हाच वाटतो. केईएम गिरणगावातलं, आजूबाजूच्या चाळी कोकणातल्या माणसांनी भरलेल्या. साठ वर्षांपूर्वी ज्यांच्या गाठोड्यात मुळी असल्याची नोंद डायमॉकने केली, त्यांच्याच नातवंडांच्या वस्तीत तिला रक्तदाबाची फूटपट्टी लागली. त्या ५० जणांत मालवणचे कितीजण होते हे लेखावरून कळत नाही, पण केईएमच्या ओपीडीत कोकणातलं कुणी नव्हतं असं कोण म्हणेल?

लेख बोस्टनला रॉबर्ट विल्किन्सनी वाचला आणि मुळी मागवली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी तिच्यातलं कामाचं द्रव्य वेगळं केलं: रेसर्पिन. चेतातंतूंच्या टोकाशी नॉरअॅड्रिनॅलिन साठवलेलं असतं, ते रक्तवाहिन्या आवळून धरतं. रेसर्पिन हा साठा हळूहळू रिता करतं, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं. या कुळाची एक शाखा भलतीकडेही गेली. स्वीडनच्या आर्विड कार्लसननी सशांना रेसर्पिन देऊन निपचित पाडलं आणि एल-डोपा देऊन पुन्हा हलतं केलं. कंपवाताच्या उपचाराचा रस्ता तिथून निघाला. तो वेगळा लेख होईल.

पण दाब उतरला म्हणजे माणूस वाचला का? हा प्रश्न तेव्हा खुलाच होता. कित्येक मोठे डॉक्टर म्हणत, उतारवयात दाब चढतो तो मेंदूला रक्त पोचावं म्हणून. उतरवाल तर उलट पक्षाघात ओढवून घ्याल. याचा निकाल एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत लावला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना नकली. खऱ्या गोळ्यांत तीन औषधं होती आणि त्यांतलं एक रेसर्पिन. १९६७ साली आकडे छापून आले: नकली गोळीवाल्यांत २७ जणांना गंभीर इजा, खऱ्या गोळीवाल्यांत दोघांना. मग दाब इतका चढलेला नसलेल्या ३८० जणांवर तसाच अभ्यास झाला. १९७० च्या त्या अहवालात पक्षाघात नकली गोळीवाल्यांत २० जणांना आणि खऱ्या गोळीवाल्यांत पाच जणांना झाला होता. काही दुखत नसताना घेतलेली गोळी लकवा टाळते, हे इतक्या स्पष्ट आकड्यांत आधी दिसलं नव्हतं.

पुढे रेसर्पिनचं नाव खराब झालं. मोठ्या मात्रेत माणसं खिन्न होत. १९७४ साली स्तनाच्या कर्करोगाशी त्याचं नातं जोडलं गेलं, ते नंतर टिकलं नाही, पण बदनामी टिकली. आणि नवी, कमी त्रासाची औषधं आलीच होती. तरी ते एकदम संपलं नाही. साठीपुढच्या ४७३६ जणांवरच्या ‘शेप’ या अभ्यासात क्लोरथॅलिडोन ही मुख्य गोळी होती आणि पुढच्या पायरीवर काहींना अगदी थोडं रेसर्पिन दिलं होतं. १९९१ साली तिथे पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. झाडाचे मात्र हाल झाले. परदेशी मागणीपायी जंगलातून मुळ्या इतक्या उपटल्या गेल्या की सरकारला निर्यात रोखावी लागली. मुळी काढायची म्हणजे झाडच जातं.

या मुळीच्या मागे नुसतं झाड नाही, मोजणंही आहे, आणि मोजण्याची गोष्ट सिंधुदुर्गात परत आली ती सर्पगंधेशिवायच. २०१७ च्या अखेरीस केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. पाच राज्यांतले पहिले पंचवीस जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. साधी रीत: प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक प्रौढाचं बीपी बघायचं, वाढलेलं असेल तर ठरलेल्या पायऱ्यांनी औषध. अॅम्लोडिपिन, नाही भागलं तर टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन. महिन्याभराच्या गोळ्या एकदम द्यायच्या, कार्डावर आकडा लिहायचा, आणि जो परत आला नाही त्याला शोधायचं. करोनाच्या टाळेबंदीत गोळ्या उपकेंद्रांतून आणि घरोघरी पोचवल्या गेल्या.

यात सगळ्यात अवघड काम कुठलं असेल तर ते डॉक्टरचं नाही, आशाताईचं. समोरचा म्हातारा म्हणतो, “माका काय्येक जाला नाय, मगे गोळी कित्याक खांव?” प्रश्न चोख आहे. फ्राइसना नेमकं यालाच उत्तर द्यायला तीन औषधं आणि कितीतरी वर्षं लागली होती.

मिठाचंही बोलायला हवं. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, त्या किनाऱ्यावर कुणाला मीठ कमी खा म्हणायचं म्हणजे धाडसच. खारा बांगडा, सुंगटांचं लोणचं, पेजेबरोबर मिठातली कैरी. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऐन पावसात सुक्या मासळीवर जेवण चालतं तेव्हा ही मर्यादा एका जेवणातच संपावी. २०२१ साली चीनमधल्या ६०० गावांतल्या एकवीस हजारांच्या आसपास माणसांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. निम्म्या गावांत साध्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं होतं. पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र ते मीठ विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि एवढं करूनही अंगावरून वारं गेलंच तर? मग सगळा खेळ तासांचा. आधी सीटी स्कॅन हवा, कारण गुठळी अडकली आहे की शीर फुटली आहे हे बाहेरून ओळखता येत नाही आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलटे. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत. १९९५ साली ६२४ रुग्णांवर त्याचा पुरावा आला, तेव्हाची मुदत तीन तासांची होती; तीन महिन्यांनी फारसं व्यंग न उरण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी वाढली, पण सव्वासहा टक्क्यांहून थोड्या जास्त रुग्णांत मेंदूत रक्तस्रावही झाला. याच घराण्यातलं टेनेक्टेप्लेस आज पुण्यातली जेनोव्हा कंपनी बनवते. अमेरिकेने ते पक्षाघातासाठी २०२५ साली मंजूर केलं, आपल्याकडे ते कितीतरी आधीपासून वापरात आहे. औषध पुण्यात बनतं, माणूस मालवणजवळच्या देवबागेत पडलेला असतो. ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायचं की थेट गोव्यातलं बांबोळी, यावर घरात चर्चा चालते त्यातच तास जातो. काही घरांत आधी तेल लावणाऱ्याला बोलावणं जातं.

वाचलेल्याचं पुढे काय होतं, हे बऱ्याचदा घरात माणसं किती यावर ठरतं. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ला ८,६८,८२५ होती, २०११ ला ८,४९,६५१ झाली, तरुण मुंबई-गोव्याला. सत्तरीच्या नवऱ्याला कुशीवर वळवायचं काम सासष्टीच्या बायकोकडे येतं. घरच्यांनाच व्यायाम शिकवून भागेल का, हे भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर तपासलं गेलं. २०१७ चा तो निकाल कोरडा आहे: शिकवलेल्या घरांत आणि न शिकवलेल्या घरांत सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा परावलंबी झालेल्यांचं प्रमाण सारखंच, ४७ टक्के. घरच्यांची हौस किंवा माया फिजिओथेरपिस्टची जागा भरून काढत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. तालुक्याच्या ठिकाणी असा माणूस नेमणं हा खर्चाचा प्रश्न आहे, तो घरच्यांच्या माथी मारता येणार नाही.

दुसऱ्या झटक्याबाबत मात्र गोळीच पुन्हा पुढे येते. एकदा पक्षाघात किंवा त्याची चुणूक येऊन गेलेल्या ६१०५ जणांवर ‘प्रोग्रेस’ नावाचा अभ्यास झाला, २००१ साली. बीपीचं औषध घेणाऱ्यांत पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी. आणि ज्यांचा दाब मुळात वाढलेला नव्हता त्यांनाही फायदा झाला. म्हणून झटका येऊन गेल्यावर कार्डावर १२०/८० दिसलं की गोळी बंद करणारे घरचे, आणि ‘आता बरं आहे ना’ म्हणून त्यांना दुजोरा देणारे शेजारी, या दोघांशी आशाताईला महिन्यामहिन्याला वाद घालावा लागतो. आठवडी बाजारात सर्पगंधेची म्हणून मिळणारी मुळी उगाळून गोळीच्या जागी घेणाऱ्यांशीही. त्या तुकड्यात रेसर्पिन किती आहे, किंवा ती मुळी सर्पगंधेची तरी आहे का, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.