बाजारभाव, पाककृती आणि विद्यापीठांचे प्रसारणसंग्रह

मुंबई आणि पुणे या आकाशवाणीच्या दोन केंद्रांच्या दरम्यान, बोरघाटाच्या माथ्यावर खंडाळा वसले आहे. १९९८ सालच्या ‘गुलाम’ या चित्रपटात आमीर खानने गायिलेल्या गाण्यामुळे हे नाव देशभर नव्याने गाजले आणि ते गाणे आज कोठेही, केव्हाही ऐकता येते. याच मावळ तालुक्यातील भातशेती, बाजार आणि खाद्यव्यवसाय यांविषयी रेडिओवर काय बोलले गेले, हे शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाची वाट मात्र घाटाइतकीच अवघड आहे. गाणी, नाटके आणि नेत्यांची भाषणे जपली जातात. बाजारभाव, शेतीसल्ला आणि पाककृती मात्र प्रसारित झाल्या की संपल्या, असेच मानले जाते.

वास्तविक शेती-प्रसारणाच्या इतिहासात पुण्याचे स्थान मोठे आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ‘रेडिओ ग्रामीण मंडळां’चा प्रयोग केला. पुणे जिल्ह्यासह तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांतून श्रोतृमंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, साक्षरता, स्थानिक कारभार हे त्यांचे विषय. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, शंका लिहून पुणे केंद्राकडे पाठवाव्यात आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळावीत, अशी योजना होती. मूळ कल्पना कॅनडातील. तेथे अशी शेतकरी मंडळे १९४१ पासून चालू होती.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले. ते काम पाहणारे समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराट मूळचे व्हिएन्नाचे. दाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेस गेले होते. श्रोतृमंडळे असलेली गावे आणि नसलेली गावे यांची त्यांनी तुलना केली. मंडळे असलेल्या गावांत माहितीची पातळी लक्षणीय वाढल्याचे, इतरत्र ती फारशी न वाढल्याचे त्यातून दिसून आले. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक आणि हिंदी नाटककार जगदीशचंद्र माथुर यांच्यासह नॉयराट यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ही योजना देशभर विस्तारली.

हा अहवाल छापील असल्याने ग्रंथालयात वाचता येतो. त्यात कोष्टके आहेत, निष्कर्ष आहेत. पण गावकऱ्याच्या प्रश्नाला निवेदकाने कोणत्या मराठीत, किती विस्ताराने उत्तर दिले, त्यात आपुलकी होती की हुकूम, हे कोष्टकातून कळत नाही. ‘इंद्रायणी’ भाताचे उदाहरण घेता येईल. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाले. त्याचे गुणधर्म कृषी विद्यापीठाच्या प्रकाशनांत सापडतात; ते स्वीकारताना शेतकऱ्याला कोणत्या शंका आल्या, हे समजण्यासाठी त्या काळातील संवादच ऐकायला हवेत.

या विषमतेच्या मुळाशी कायदाही आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक. कमलाबाई ओगले यांचे १९७० सालचे ‘रुचिरा’ पुस्तक म्हणून या तरतुदीत बसते. ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये दाखविलेली पाककृती बसत नाही, कारण प्रसारणासाठी असे बंधनच नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रम जमा करणे बंधनकारक केले.

अमेरिकेत हे काम एका विद्यापीठ ग्रंथालयाने आधीच सुरू केले होते. टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठात ५ ऑगस्ट १९६८ पासून राष्ट्रीय वाहिन्यांच्या सायंकालीन बातम्या ध्वनिचित्रमुद्रित होऊ लागल्या. वाहिन्या स्वतःच्या बातम्या फार काळ ठेवत नाहीत, हे लक्षात आल्यावर पॉल सिम्पसन या विमा व्यावसायिकाने त्यासाठी पाठपुरावा केला होता. पुढे १९७६ च्या अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्याने ग्रंथालयांच्या अशा बातम्या-संग्रहाला मान्यता दिली. पाककृतींच्या बाबतीत त्या देशाचे दैव अधिक बरे. तेथील कृषी खात्याने १९२६ मध्ये ‘आंट सॅमी’ या काल्पनिक गृहिणीच्या नावाने रेडिओवर स्वयंपाकाचे कार्यक्रम सुरू केले. संहिता एकच, पण प्रत्येक केंद्रावर वाचणारी स्त्री निराळी. या पाककृतींचे पुस्तक १९२७ मध्ये निघाले, म्हणून त्या टिकल्या. आवाजापेक्षा कागद दीर्घायुषी ठरला, हे येथेही खरेच.

भारतीय विद्यापीठांचे हात पूर्णपणे बांधलेले आहेत, असे मात्र नाही. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ३७ नुसार प्रसारणावरील हक्क पंचवीस वर्षे टिकतो. कलम ३९ नुसार निव्वळ अध्यापन वा संशोधनासाठी केलेले मुद्रण या हक्काचा भंग ठरत नाही. मूळ संहिता आणि संगीत यांवरील हक्क स्वतंत्र असतात आणि अधिक काळ चालतात. त्यामुळे संग्रह करणे आणि तो सर्वांना खुला करणे या दोन निराळ्या गोष्टी ठरतात. सामुदायिक रेडिओच्या बाबतीत गुंता बराच कमी होतो. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ किंवा म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ यांसारखी केंद्रे स्वतःच कार्यक्रम तयार करतात. बचतगट, छोटे उद्योग, घरगुती खाद्यपदार्थ यांविषयीच्या अशा केंद्रांवरील गप्पा ग्रंथालयात ठेवण्यासाठी परवानगी शोधत दूर जावे लागत नाही.

मुद्रण केले की काम संपले, असेही नाही. चुंबकीय फीत ओलाव्याने आणि बुरशीने खराब होते. घाटमाथ्याच्या पावसाळी हवेत तर ती सांभाळणे आणखी कठीण. संगणकीय प्रतही दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर न्यावी लागते. सर्वांत दुर्लक्षित काम सूचीकाराचे. कार्यक्रमाची तारीख, केंद्र, बोलणाऱ्याचे नाव, गाव, पिकाचे वा पदार्थाचे नाव यांची नोंद नसेल, तर शेकडो तासांच्या संग्रहातून काहीही हाती लागत नाही. नुसते ‘खंडाळा’ लिहूनही भागत नाही. मावळातील खंडाळा लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत येते, तर त्याच नावाचा तालुका खंबाटकी घाटाच्या उत्तरेस सातारा जिल्ह्यात आहे. एकीकडे मुसळधार पावसातील भात, तर दुसरीकडे अवर्षणाच्या छायेतील कोरडवाहू शेती. नोंदीत जिल्हा राहून गेला, तर एकाचा शेतीसल्ला दुसऱ्याच्या नावावर जमा होईल.