पालापाचोळ्यापासून बाटलीपर्यंत

पर्यावरणासाठी काहीतरी करायचे म्हणून जीवरसायनशास्त्राकडे वळलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर नदी असते, आणि हातात पिपेट. या दोहोंतले अंतर पाहून तो खचू नये, एवढ्यासाठी हे पुस्तक प्लास्टिक तोडणाऱ्या एन्झाइमांपासून सुरू होते.

साकाई या जपानी शहरात, पेट बाटल्यांच्या पुनर्वापर कारखान्याजवळच्या नमुन्यांत 'इडिओनेला साकाएन्सिस' हा जिवाणू सापडला. 30 अंश सेल्सिअसला पेटचा पातळ पापुद्रा तो सुमारे सहा आठवड्यांत संपवतो, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 'प्लास्टिकखाऊ जिवाणू' म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मला त्याहून मोलाचे वाटते ते जपानमध्येच पालापाचोळ्याच्या खतातून आधी मिळालेले क्युटिनेज. पानावरचे क्युटिन तोडणे हे त्याचे मूळ काम. क्युटिन हे निसर्गाचे पॉलिएस्टर आणि पेट आपले. दोन्हींत कापायचा तो एस्टर बंधच. फ्रान्समधल्या संशोधकांनी या एन्झाइमातली मोजकी अमिनो आम्ले बदलली, आणि 2020 मध्ये 72 अंशांना दहा तासांत 90 टक्के पेट मूळ घटकांत सुटे करून दाखवले. तापमान मुद्दाम एवढे चढे, कारण सत्तरीच्या आसपास पेटच्या घट्ट साखळ्या सैल होतात; त्या उष्णतेत टिकेल असे एन्झाइम घडवणे हीच खरी कसोटी होती. शिवाय बाटलीचे प्लास्टिक बरेचसे स्फटिकी असते. ते आधी वितळवून, झटकन गार करून, दळून घ्यावे लागते. त्या विजेचा हिशेब शोधनिबंधाच्या शीर्षकात दिसत नाही.

महाराष्ट्रात 2018 च्या बंदीने गाजलेल्या कॅरीबॅग बहुतांशी पॉलिथिनच्या. त्यांच्या साखळीत कार्बनला कार्बनच जोडलेला. एस्टर बंध नाही, म्हणजे या एन्झाइमांना कापायला जागाच नाही. तेव्हा या क्षेत्रात नोकरी किंवा उद्योग करू पाहणाऱ्याने भंगारवाल्याचे दुकान एकदा नीट पाहावे. बाटली आणि पिशवी वेगळी करण्याचे काम तिथे रोज चालते, आणि ते झाल्याशिवाय आपल्या एन्झाइमाची पाळीच येत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळांतल्या कामाची माहिती शेवटच्या प्रकरणात आहे. ती थोडी रूक्ष आहे, पण अर्ज करताना उपयोगी पडेल.

मायकेलिस-मेंटेन समीकरणाची धास्ती वाटणाऱ्यांनी दुसरे प्रकरण खुशाल सोडून तिसऱ्यापासून वाचावे. घन प्लास्टिकच्या पृष्ठभागावर ते समीकरण जसेच्या तसे का लागू पडत नाही, ते तिथे सांगितले आहे. ते वाचून दुसऱ्या प्रकरणाकडे परतणे सोपे जाईल.