वोलोलो

परवा नातू माळ्यावरून जुन्या सीड्यांचा डबा घेऊन खाली आला. "आबा, हा गेम आठवतो?" न आठवायला काय झालं? 'एज ऑफ एम्पायर्स', 1997 सालचा. तो दुसरी-तिसरीत असताना आम्ही दोघं तासन् तास खेळायचो. पाषाणयुगातून निघून लोहयुगापर्यंत पोचायचं. एकूण बारा संस्कृती, पण त्यांत आपली हडप्पा नाही म्हणून इतिहासाच्या या मास्तराने तेव्हा कुरकुरही केली होती. त्यातला पुजारी 'वोलोलो' असा मंत्र म्हणून शत्रूचा सैनिक आपल्या बाजूला वळवतो. तो आवाज आला की आमची ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "आला का तुमचा भटजी?"

गेम विंडोजचा, आणि आता घरात मुलाने दिलेला मॅक. मी म्हटलं, राहू दे. नातू म्हणाला, "वाईन आहे ना!"

मंडळी, दचकू नका. ही वाईन एकादशीलाही चालते आणि फुकट मिळते. तिची थोडी हकिकत नातवाने सांगितली, बाकीची मी शोधून वाचली. जुनी खोड, दुसरं काय!

1993 साली काही लिनक्सप्रेमींनी विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचा घाट घातला. सुरुवातीला बॉब अ‍ॅमस्टॅड सूत्रं सांभाळत होते, 1994 पासून ती अलेक्सांद्र ज्युलियार यांच्याकडे आली. विंडोजचा प्रोग्रॅम सारखा काहीतरी मागत असतो: खिडकी उघड, फाईल वाच, आवाज काढ. वाईन विंडोजच्या जागी बसून ती मागणी ऐकते आणि लिनक्सला किंवा मॅकला समजेल अशी करून पुढे पाठवते. विंडोजची प्रत लागतच नाही. पण मायक्रोसॉफ्टचा मूळ कोड पाहायला मिळत नसल्यामुळे, कुठल्या मागणीला विंडोज काय उत्तर देतं ते तपासायचं आणि तसंच उत्तर देणारा कोड स्वतः लिहायचा, असं हे काम. 1.0 आवृत्ती यायला 2008 उजाडलं. पंधरा वर्षं!

मॅकची गोष्ट आणखी अवघड. जुन्या मॅकमधला पॉवरपीसी प्रोसेसर विंडोजच्या प्रोग्रॅमना परका. 2006 मधे इंटेलचे मॅक आले तेव्हा वाट मोकळी झाली. 2019 च्या कॅटालिनामधे 32 बिटचे जुने प्रोग्रॅम बंद झाले. 2020 मधे ॲपलने स्वतःचे प्रोसेसर आणले आणि इंटेलची भाषा उलगडायला सोबत 'रोझेटा 2' दिलं. नाव वाचून मला 1799 मधे इजिप्तमधे सापडलेला शिलालेख आठवला. या प्रत्येक वळणावर वाईनवाले नवी वाट काढत गेले. जानेवारी 2024 मधे आलेल्या 9.0 आवृत्तीत तर नव्या मॅकवरही 32 बिटचे विंडोज प्रोग्रॅम चालवायची सोय झाली. आणि 2023 मधे खुद्द ॲपलने गेम बनवणाऱ्यांसाठी जी साधनं दिली, तीही वाईनच्याच पायावर उभी होती.

मी जन्मभर वर्गात राज्यं आली-गेली त्या सनावळ्या शिकवल्या. नवं राज्य आलं की जुनं मोडतं, ते कंपन्यांचंही तसंच. पण मोडी वाचणारा कुणी उरला नाही तर दप्तरातले कागद म्हणजे नुसती रद्दी. तसा वाचणारा टिकवायला कुणीतरी चिकाटीने बसावं लागतं. परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येत नाही, माझ्याही कधी आला नाही. याची आता जरा चुटपुट वाटते.

नातवाने बाहेरून जोडायचा सीडी ड्राईव्ह आणला, अर्धा दिवस खटपट केली. संध्याकाळी पडद्यावर तीच हिरवी जमीन, तीच बोरीची झुडपं. थोड्या वेळाने पुजारी पुढे सरकला. "वोलोलो."

आम्ही दोघांनीही एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. ही जाऊन आता आठ वर्षं झाली.

असो. मी त्याला म्हटलं, "आवाज जरा वाढव."