जुनी ऐरण घेताना: सोलापूरच्या लोखंडाची गोष्ट

"पाण्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर" ही हेडलाइन आपण हजार वेळा वाचलीय. पण खरी ऐरण बघितलीय का कधी? आजकाल चाकू घडवायचे व्हिडिओ बघून बरीच पोरं जुनी ऐरण शोधतायत. सोलापूर भागात शोधायला निघालात, तर तीन तऱ्हेच्या ऐरणी समोर येतील, आणि प्रत्येकीमागे वेगळा इतिहास आहे.

पहिली गावची. छोटा चौकोनी ठोकळा, लाकडाच्या ओंडक्यात रोवलेला. लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. विळा, कुदळ, नांगराचा फाळ, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव हे सगळं त्याच्याकडचं काम, आणि मोबदला सुगीच्या धान्यात. शिवाय गावोगाव फिरणारे घिसाडी होतेच. रस्त्याकडेला पाल पडायचं, बाप्या सांडशीत लोखंड धरायचा आणि बाई घण मारायची. बिऱ्हाड पाठीवर असणाऱ्याला लहान ऐरणच परवडते.

दुसरी विलायती, शिंगवाली. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे धावू लागली आणि पुढे कुर्डूवाडीला तिचा कारखाना उभा राहिला. जिथे इंजिन आणि यंत्रमाग, तिथे दुरुस्तीचं वर्कशॉप, आणि तिथे अशी जड ऐरण लागायचीच. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. बैलगाडीला रबरी टायर आले आणि धावेचं कामही गेलं.

तिसरी म्हणजे रुळाचा तुकडा. स्वस्त आणि कामाला चांगला. पण सांभाळून! चोरीचा रूळ जवळ सापडला तर १९६६ चा रेल्वे मालमत्ता कायदा लागतो, आणि "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. रेल्वे आपलं भंगार लिलावात विकते. म्हणून विकणाऱ्याकडे पावती मागाच.

आता पारख कशी करायची? आधी हातोडीनं हलकेच वाजवा. चांगली ऐरण खणखणीत वाजते. बद्द आवाज आला तर ती नुसत्या बिडाची असेल, नाहीतर आत तडा असेल. मग बेअरिंगची गोळी दहा इंचांवरून सोडा. सात-आठ इंच उसळली तर तोंड पक्कं. अर्ध्यावरच मेली तर राहू द्या. कडा थोड्या झिजलेल्या चालतात. मात्र घरी आणून तोंडावर ग्राइंडर मारू नका. बऱ्याच जुन्या ऐरणींवर पोलादाचा पातळ थर असतो, तो गेला की ऐरण गेली.

जुन्या इंग्लिश ऐरणीच्या कुशीवर तीन आकडे दिसले तर ते वजन समजा. पहिला ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुटे पौंड. म्हणजे १-२-१० असेल तर ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड. साधारण ८१ किलो.

आणि खरी गोम पुढे आहे. भंगारवाल्याला हा सगळा इतिहास किलोवर दिसतो. ऐरण एकदा भट्टीत गेली की तिची सळई होते, विषय संपला. दुसरीकडे, लोहाराच्या घरी खंडेनवमीला हिचीच पूजा होते. तो ऐरण विकतोय म्हणजे बहुतेक वेळा पुढची पिढी भात्यापाशी बसणार नाहीये. तेव्हा घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवा. भंगाराच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्या, आणि जमलं तर दोन दिवस त्याच्याकडेच शिका. सांडशी कशी धरायची, लोखंडाचा कुठला रंग आला की घण मारायचा, हे कुठल्याच ऐरणीवर कोरलेलं नसतं. ते त्याच्या हातात आहे, आणि ते भंगारात मिळत नाही.