एलायझाची भाषांतरे
जोसेफ वाइझेनबाउम यांनी जानेवारी १९६६ मध्ये ‘एलायझा’ या संभाषण करणाऱ्या संगणक-प्रणालीचे विवेचन प्रसिद्ध केले. रुग्णाच्या वाक्यातील एखादा शब्द हेरावयाचा, सर्वनामे पालटावयाची आणि तेच वाक्य प्रश्नरूपाने परत करावयाचे, एवढीच या यंत्ररूपी मानसोपचारकाची करामत होती. तीमुळे निर्माण होणाऱ्या आकलनाच्या आभासाची चर्चा पुष्कळ झाली. त्या विवेचनातील दुसरी एक नोंद मात्र दुर्लक्षित राहिली. एलायझाच्या संहिता इंग्रजीप्रमाणेच वेल्श आणि जर्मन भाषांतही अस्तित्वात आहेत, असे वाइझेनबाउम तेथे नमूद करतात.

प्रणाली आणि तिची संहिता यांची फारकत केलेली असल्यामुळे हे शक्य झाले. परंतु याला भाषांतर म्हणता येईल काय? वेल्शमध्ये ‘माझे वडील’ म्हणजे ‘व नहाड’, तर ‘तुझे वडील’ म्हणजे ‘दी डाड’. सर्वनाम बदलताच पुढील नामाचा आद्यवर्णही बदलतो. जर्मनमध्ये ‘डू’ की ‘झी’, हे वैद्याने तोंड उघडण्यापूर्वीच ठरवावे लागते. म्हणजे वाक्ये नव्हे, तर वाक्य उलटविण्याचे नियमच त्या भाषेत नव्याने रचणे भाग होते. मराठीत हाच खेळ मांडला तर अडचण अधिक सूक्ष्म होते. ‘मी घाबरते’ याचे ‘तू घाबरतेस’ केल्यास स्त्रीत्व टिकते, पण वैद्य एकेरीवर येतो. ‘तुम्ही घाबरता’ केल्यास आदर राहतो आणि बाई नाहीशी होते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ‘आल्पॅक’ समितीचा अहवाल बाहेर पडला. १९५४ च्या जॉर्जटाउन प्रयोगात सुमारे २५० शब्द आणि ६ व्याकरणनियमांच्या बळावर साठांहून अधिक रशियन वाक्ये इंग्रजीत आणली गेली होती व तेव्हापासून अपेक्षांना उधाण आले होते. यंत्राचे भाषांतर मानवी भाषांतरापेक्षा संथ, सदोष आणि महाग आहे, असा निर्वाळा समितीने दिला आणि सरकारी अर्थसाहाय्य आटले. बोलणारे यंत्र आणि भाषांतर करणारे यंत्र यांच्या वाटा त्यानंतर दीर्घकाळ वेगळ्याच राहिल्या.

त्या एकत्र आल्या त्या उफराट्या क्रमाने. २०१७ मध्ये मांडली गेलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना मुळात इंग्रजी–जर्मन व इंग्रजी–फ्रेंच भाषांतरावर पारखली गेली होती. तिच्याच आधारे नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ बोलू लागले. आता ग्राहकाचा मराठी संदेश इंग्रजीत न्यावयाचा, उत्तर इंग्रजीत सिद्ध करावयाचे आणि ते पुन्हा मराठीत आणावयाचे, अशीही एक पद्धती वापरली जाते. या फेऱ्यात ‘कंटाळले’ आणि ‘कंटाळलो’ यांतील भेद पहिल्याच पायरीवर गळतो. इंग्रजी ‘यू’ परतताना त्यात ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांपैकी काहीच शिल्लक नसते. यंत्र अंदाज करते. एलायझा निदान रुग्णाचेच शब्द परत करीत होती!

वाइझेनबाउम यांनी हे नाव बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधील नायिकेवरून घेतले, कारण तिच्याप्रमाणेच या प्रणालीलाही उत्तरोत्तर चांगले बोलावयास शिकविता येईल. ते नाटकही प्रथम रंगभूमीवर आले ते १९१३ मध्ये व्हिएन्ना येथे, जर्मन भाषांतराच्या रूपाने. मराठीत १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी त्याची ‘ती फुलराणी’ केली, तेव्हा एलायझाची मंजुळा झाली. लंडनच्या रस्त्यावरील उच्चारांना मराठीत प्रतिशब्द नव्हता. मराठी समाजातील उच्चनीचतेची बोली मात्र होती. मंजुळेने कोणाला ‘तू’ म्हणावे आणि कोणाला ‘तुम्ही’, हा निर्णय तेथे पात्रसंबंध जाणणाऱ्या नाटककाराचा होता. सुटे सुटे संदेश भाषांतरित करणाऱ्या यंत्रात तो वाक्यागणिक नव्याने होतो आणि एकाच संभाषणात ‘तुम्ही’चा ‘तू’ होऊन बसतो.