डोंगरवाड्यांतील शाळा

मुंबईहून पुण्याकडे जाताना पाताळगंगेच्या काठी रसायनी ही औद्योगिक वसाहत लागते. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला, आणि रसायनांवरूनच या स्थळास नाव मिळाले. कारखान्याबरोबर वसाहत आली, वसाहतीबरोबर शाळा आल्या. परंतु येथून प्रबळगड व इर्शाळगड यांच्या दिशेने जी डोंगररांग दिसते, तिच्या अंगाखांद्यावरील ठाकूरवाड्या आणि पायथ्याच्या कातकरवाड्या यांच्यापर्यंत अक्षर कसे पोहोचले, याचा इतिहास अगदी निराळा आहे.

कातकऱ्याचे मूल शाळेत टिकत नाही, अशी तक्रार पूर्वापार चालत आली आहे. तिचे खापर पुष्कळदा त्या जातीच्या स्वभावावर फोडले जाते. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्याने रानावर सरकारी पहारा बसला आणि हा पिढीजात धंदा हळूहळू हातचा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या आणि त्यांच्यामागून विटांच्या. दिवाळी सरली की कुटुंबच्या कुटुंब उचल घेऊन भट्टीवर जावयाचे आणि पावसाळ्याच्या तोंडी परतावयाचे, असा क्रम पडला. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. अर्थात मूल जेमतेम अक्षरे गिरवू लागते न लागते तोच बिऱ्हाड हलते. हजेरीपटावर नाव राहते आणि मूल भट्टीवर चिखल तुडवीत असते. हा स्वभावाचा दोष नव्हे. दोन पंचांगांचा हा मेळ न बसणे होय.

या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष वेधले ते १९३७ साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यात अधिकारावर आल्यानंतर. सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या अहवालाने डोंगरी लोकांचे कर्ज व त्यांची वेठ उघडकीस आणली. १९४० साली खेरांच्याच पुढाकाराने ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ निघाले. तथापि मुलाने शाळेपर्यंत चालत यावे, ही अपेक्षा बदलली नव्हती.

ती बदलली ताराबाई मोडक यांनी. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले. थोरले मूल शाळेत येत नाही, कारण त्याच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून त्यांनी शाळेला पाळणाघर जोडले. मुले गुरांमागे रानात असतात. म्हणून गुरुजींना रानात धाडून कुरणशाळा भरविली. माँटेसरी पद्धतीची मोलाची साधने परवडेनात, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाच्या जागी, मूल या घटकेस कोठे आहे, असा प्रश्न त्यांनी विचारला, आणि सर्व फरक तेथेच पडला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर ज्या भोंगाशाळा भरविल्या, त्यांचे बीज याच विचारात आहे. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांची कच्च्या विटांची खोपटी.

दुसरा मार्ग आश्रमशाळेचा. मुलास घरापासून दूर, निवासी शाळेत ठेवावयाचे. महाराष्ट्र शासनाने १९७२-७३ पासून या शाळांचा विस्तार केला. तेथे अन्न मिळते आणि शिक्षणात खंड पडत नाही. परंतु मूल आईच्या बोलीपासून आणि रानाच्या विद्येपासून तुटते, हा आक्षेपही खोटा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रसायनीपासून जवळच, इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. पन्नासांहून अधिक माणसे बेपत्ता राहिली. आश्रमशाळेत असल्यामुळे वाडीची काही मुले वाचली. ज्या व्यवस्थेने त्यांना घरापासून दूर नेले, तिनेच त्या रात्री त्यांचे प्राण राखले. मात्र परत जावयास कित्येकांना घर उरले नाही.

म्हणून या दोन मार्गांपैकी एकच खरा, असे म्हणता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा मुलाच्या घराजवळ असावी, असे ठरविले. पण जेथे घरच वर्षातून दोनदा जागा बदलते, तेथे अंतर मोजावे कोठून? शिवाय पहिलीच्या वर्गात बसलेल्या कातकरी मुलाला पुस्तकातील मराठी जवळजवळ परभाषेसारखी वाटते. गुरुजींनी त्याचे चार शब्द उचलले, तर ते तोंड उघडते. वाडीवर चढून जाणारा, भट्टीवर उतरणारा आणि मुलाची बोली कानी घेणारा शिक्षक, ही बोर्डी-कोसबाडची शिकवण आहे. रसायनीभोवतीच्या डोंगरांत तिची गरज आजही सरलेली नाही.